‘या’नंतरचा स्वल्पविराम

कऱ्हाड लिहायचं की कराड, हा प्रश्न पस्तीस वर्षं माझ्या टेबलावर येत राहिला. मी मुद्रितशोधक. गावातल्या दोन छापखान्यांत मिळून नोकरी झाली, आधी खिळ्यांच्या काळात, मग ऑफसेटच्या. लग्नपत्रिकेत कऱ्हाड, सोसायटीच्या अहवालात कराड, एखाद्या शास्त्रीबुवांच्या पुस्तिकेत करहाटक. भारहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांचं गाव म्हणून दगडावर जे नाव कोरलंय ते ‘करहकट’. म्हणजे दोन हजार वर्षं हे नाव लोकांच्या जिभेवर घासतंय. ‘ट’चा ‘ड’ झाला, ‘ऱ्ह’ आला, आता तोही चाललाय. गाव आहे तिथंच, कृष्णा-कोयनेच्या काठावर, आणि कोणत्याही नावाने पत्र घाला, पोस्टमन आणून देतो.

त्यामुळे शब्द झिजतात याचं दुःख मला कधी झालं नाही. एका शब्दाचं झालं. तो इंग्रजी आहे.

निवृत्तीनंतर पुण्याला गेलो होतो. अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे एकाकडे जुनी पुस्तकं मांडलेली असतात. त्यात एक जाडजूड कोश मिळाला. पाठीवर नाव होतं ‘हॉब्सन-जॉब्सन’. पहिल्यांदा वाटलं, ही लिहिणाऱ्यांची आडनावं. पण लेखक वेगळेच निघाले: कर्नल हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडात इथले जे शब्द बसले, त्यांचा हा कोश. लंडनमध्ये १८८६ साली निघाला. बर्नेल त्याआधी चार वर्षं, १८८२ मध्येच वारला होता. यूलने काम पुरं केलं. मग कोशाला हे नाव का? म्हणून मी ‘एच’ अक्षर काढलं आणि ती नोंद वाचली. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

हॉब्सन-जॉब्सन म्हणजे ‘या हसन, या हुसेन’.

मोहरमात लोक छाती पिटत जो आकांत करतात, तो ऐकून गोऱ्या शिपायांनी त्याचं हे केलं होतं. एका दिवसात झालेलं नाही, दोनशे वर्षं लागली. १६३४ मध्ये टॉमस हर्बर्टच्या पुस्तकात ‘हुस्सन, हुस्सन’ आहे, म्हणजे अजून ओळखू येतं. चाळीसेक वर्षांनी जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर मुंबई-सुरतेकडे होता, जुन्नरलाही जाऊन आला होता. त्याने ऐकलं ‘होसीन-गोसीन’. आपण जेवणबिवण, पाणीबिणी म्हणतो तसं दुसरं नाव पहिल्याचा पडसाद होऊन गेलं. १७२६ मध्ये व्हालेन्टाईन नावाच्या डच पाद्र्याने लिहिलं ‘याक्सोम-बाक्सोम’. लिपीत ते ‘जे’ने सुरू होतं, पण डच माणूस ‘जे’चा उच्चार ‘य’ करतो, म्हणून तिथं ‘या’ अजून जिवंत आहे. शिवाय कुठे होसी-गोसी, कुठे होसेन-जोसेन, आणि शेवटी इंग्रजांच्या गावाकडची दोन साधी आडनावं, हॉब्सन आणि जॉब्सन, मधे एक आडवी रेघ.

हे कसं होतं ते धंद्यामुळे मला दिसतं. ‘हुसेन’ म्हणताना आपला जोर ‘से’वर येतो. इंग्रज नावाचा जोर पहिल्या अक्षरावर घेतो. जोर पहिल्या अक्षरावर ओढला की नंतरचं अक्षर खचतं, ‘सेन’चा ‘सन’ होतो, ‘सन’चा नुसता ‘स्न’ उरतो. आता कानाला ओळखीचं काहीतरी हवं असतं. ‘हॉब्सन’ हे आडनाव जवळ सापडतं, आणि त्याच्यासोबत ‘ब’ फुकट येतो. भाषेचे अभ्यासक अशा बदलाला आता हॉब्सन-जॉब्सनचा नियमच म्हणतात. आपणही तेच करतो. पलटण, काडतूस, इस्पितळ, ठेसन. पहाऱ्यावरचा गोरा अंधारात ओरडायचा ‘हू कम्स देअर’, म्हणजे कोण येतंय. आपल्या शिपायांनी त्याचं ‘हुकुमदार’ केलं. त्यात कुणाचा अपमान नाही. कान आपल्या घरातली भांडी घेऊनच पाणी भरायला जातो.

मग हॉब्सन-जॉब्सनच का टोचावं? कोशातला अर्थ पाहिला तेव्हा कळलं. इंग्रजीत तो शब्द त्या दोन भावांचं नाव म्हणून वापरात नव्हताच. देशी लोकांचा सणासुदीचा गलका, तमाशा, विशेषतः मोहरमचा, हा त्याचा अर्थ. शिवाय त्या काळच्या इंग्रजीत हॉब्सन आणि जॉब्सन ही जोडी खेडवळ, बावळट माणसांसाठी वापरत, असं अभ्यासक दाखवतात.

ज्यांची ही नावं, ते कोण? हसन म्हणजे चांगला, सुंदर. हुसेन हे त्याच शब्दाचं लाडकं, लहान रूप, जसं आपण धाकट्याला बाळ्या म्हणतो. म्हणजे ही दोन नावं अरबीतच एकमेकांचा पडसाद आहेत. ती जुळवून ज्याने ठेवली त्याने प्रेमाने ठेवली. पैगंबरांचे हे नातू. थोरला मदिनेत वारला. धाकट्याला कूफा शहरातल्या लोकांनी पत्रांवर पत्रं पाठवली, या, आम्हाला तुमचा आधार हवाय. तो निघाला. बोलावणारे ऐनवेळी मागे सरले. करबलाच्या मैदानात युफ्रेटिस नदी समोर वाहत असताना त्याच्या माणसांचं पाणी तोडलं. १० ऑक्टोबर ६८० या दिवशी, म्हणजे मोहरमच्या दहाव्या तारखेला, बहात्तर सोबत्यांसह तो मारला गेला. त्यात सहा महिन्यांचं तान्हं बाळही होतं.

हे मला कोशातून कळलेलं नाही. ते मला कडेगावला, आजीच्या ओट्यावर कळलं.

कडेगाव कराडहून विट्याच्या रस्त्यावर, आता सांगली जिल्ह्यात. माझं आजोळ. तिथले ताबूत सगळ्या मुलखात प्रसिद्ध आहेत, घरांच्या माथ्यावरून वर जाणारे, कळकाचे, रंगीत कागदांनी मढवलेले. ते माणसांच्या खांद्यावर गल्लीतून येतात आणि एकमेकांना भेटतात. पालख्यांच्या भेटी होतात तशा. त्यांतले काही ताबूत हिंदू घरांचे, मान हिंदूंकडे. आमच्या आजीने मला पिराच्या पायाशी घातलं होतं, कारण मी लहानपणी फार आजारी असायचो. दरवर्षी गळ्यात तांबडा-हिरवा गंडा, पाच घरी फकिरी मागायची, चोंगे खायचे, पंजापुढे ऊद घालायचा. माझ्या अंगाला तो वास अजून ओळखीचा आहे.

१९६५ साली मोहरम मे महिन्यात आला. शाळेला सुट्टी होती. त्या काळचं कडेगाव म्हणजे कोरडं रान. टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून तिकडे न्यायची योजना व्हायला अजून कितीतरी वर्षं होती. आडाला तळ दिसत होता; बायका पहाटे उठून दोर सोडायच्या, घागर अर्धी भरून यायची. ताबूत आमच्या गल्लीत वळला तेव्हा आजीने माजघरातली ती घागर उचलली. आईने विचारलं, रातच्याला काय करायचं? आजी काही बोलली नाही. ओट्यावरून खाली उतरली आणि खांदा देणाऱ्यांच्या पायांवर पाणी ओतत ओतत चालू लागली. तापलेल्या फुफाट्यावर पाणी पडलं की चर्र आवाज व्हायचा आणि मातीचा वास यायचा. ती म्हणत होती, “या हाशन, या हुशेन. या बाबा, पानी प्या.”

मी आठवीत होतो. मी तिला म्हणालो, “आजी, हाशन-हुशेन नाही. हसन, हुसेन. आणि ‘या’ म्हणजे आपलं ‘या’ नव्हं. ते अरबी आहे. त्याचा अर्थ ‘हे’. हे हसन, हे हुसेन.” शेजारच्या मुजावराच्या मुलाकडून मी ते नुकतंच ऐकलेलं होतं.

तिने मोकळी घागर कमरेवर घेतली. म्हणाली, “आसंल. पर त्येला बलावलं हुतं नव्हं? बलावून पानी दिलं न्हाई. मग आपुन तरी या म्हनावं.”

मला तेव्हा वाटलं, हिला कळलं नाही. आज मी त्याच ‘या’पुढे एक स्वल्पविराम देतो. या, हुसेन. एका मराठी बाईने अरबी संबोधन चुकीचं ऐकलं आणि ज्याला बोलावून सोडून दिलं त्याला तेराशे वर्षांनी दारात बोलावलं. साऱ्या नोकरीत मी लाखभर चुका खुणावल्या असतील. ही खुणावायला माझा हात होत नाही.

पण इथेच खरा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालत नाही. उच्चार चुकला तर हाक पोचते का?

आपल्याकडचं जुनं उत्तर कडक आहे. पतंजलीच्या महाभाष्यात दोन गोष्टी आहेत. असुरांना युद्धात ‘हे अरयः’, म्हणजे अरे शत्रूंनो, असं म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून ‘हेलयो हेलयः’ निघालं आणि ते हरले. ‘र’चा ‘ल’ झाला, एवढंच. दुसरी वृत्राची. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा अर्थ हवा होता इंद्राला मारणारा. स्वराचा आघात चुकीच्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला, इंद्र ज्याला मारणारा आहे तो. वृत्र मेला. मुसलमानांतही कुराण पढण्याचं तजवीद नावाचं शास्त्र आहे. कोणता ‘ह’ घशाच्या मधून, कोणता घशाच्या तळातून, हे वर्षानुवर्षं शिकवतात. या कडकपणाची मी चेष्टा करणार नाही. सातबाऱ्यावर एक वेलांटी चुकली तर माणसाची जमीन अडकते, हे मी पाहिलेलं आहे. मंत्र हा दस्तऐवज आहे. त्यातलं अक्षर सांभाळणारे होते म्हणून तो आपल्यापर्यंत आला. बर्नेलसुद्धा याच परंपरेचा अभ्यासक होता. तंजावरच्या आपल्या भोसल्यांच्या राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्याने केली, संस्कृत व्याकरणाच्या ऐंद्र संप्रदायावर पुस्तक लिहिलं. स्वर-व्यंजनाचं मोल त्याला पुरतं ठाऊक होतं.

पण हाक मंत्र नव्हे. हाकेचा कायदा वेगळा आहे, आणि तोही दोन्ही घरांत सांगितलेला आहे. ‘मरा मरा’ म्हणत बसलेल्या वाल्याची गोष्ट आपल्याकडे पोरांना येते. तिकडे रूमीने तेराव्या शतकात मसनवीत बिलालची सांगितली. बिलाल हबशी, त्याला अजानमधला एक ‘ह’ नीट जमत नसे. लोकांनी पैगंबरांकडे तक्रार केली, दुसरा कुणी नेमा. पैगंबर रागावले ते तक्रार करणाऱ्यांवर. माझ्या गच्चीवरून मशिदीचे दोन आदिलशाही मनोरे दिसतात. संध्याकाळची अजान झाली की मला बिलालचा तो ‘ह’ आठवतो.

आणि मला सगळ्यात जवळची आहे ती आमच्या गावची गोष्ट. संत सखू कराडची. कृष्णेच्या घाटावर तिचं मंदिर आहे. प्रभातने १९४१ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला ती माहीत झाली. सासूने खांबाला बांधून ठेवलेली सखू पंढरपूरला निघाली, आणि तिच्या जागी विठ्ठल स्वतः बांधून घेऊन उभा राहिला. त्याने तिच्या घरी दळण केलं, पाणी भरलं. कीर्तनकार इथे रमतात, देवाला सून व्हावं लागलं म्हणून. मला त्यातलं वेगळंच काही दिसतं. तितके दिवस त्या घरात विठ्ठलाला कुणीही विठ्ठल म्हटलं नाही. सासू ओरडायची, “सखे!” आणि तो ‘ओ’ द्यायचा. नाव चुकलंय, मी तो नव्हे, असं त्याने एकदाही सांगितलं नाही. जो परक्या नावाला ‘ओ’ देतो, तो ‘स’च्या ‘श’वर अडून बसेल हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, ऐकणारा मुळात आहे कशावरून? सुधारक आगरकर आमच्या शेजारच्या टेंभूचे, १८५६ मध्ये तिथं जन्मले. ते हेच विचारतील, आणि विचारलंच पाहिजे. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही. एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय की हाक मारणारा स्वतः ती ऐकतो. आजीने ‘या’ ऐकलं आणि तिच्या हाताने घरातलं शेवटचं पाणी रस्त्यावर ओतलं. तिला चुकीचं ऐकू आलं असेल, पण ते ऐकून तिने जे केलं त्याला मी चूक म्हणू शकत नाही.

याच कसोटीने मी हॉब्सन-जॉब्सनकडे पाहतो. शिपायाची जीभ वळली नाही, हा त्याचा दोष नव्हे. आजीचीही वळली नव्हती. शिपाई हाक मारतच नव्हता. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून हाक मारणाऱ्यांना नाव ठेवत होता. ज्यांच्यासाठी माणसं रडतात ते कोण, हे त्याने विचारलं नाही. यूलने विचारलं होतं. त्याच्या नोंदीत हसन, हुसेन, मोहरम, सगळं व्यवस्थित आहे, कुठे कुठे कोणत्या वर्षी कसं लिहिलं गेलं तेही. त्या नोंदीचा मी ऋणी आहे. तरी कोशाच्या कपाळावर हेच नाव लावताना त्याला ते मजेदार, गोड वाटलं. इंग्रजी बोलीत देशी शब्दांचं काय होतं त्याचा तो नमुना, आणि जोडनाव असल्याने दोन लेखकांना साजेसंही. एका बाजूला तान्ह्या बाळाची तहान, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचं चटकदार नाव. मधल्या सगळ्या पायऱ्या त्याने स्वतःच एकेक करून दाखवल्या होत्या.

इथवर मी इंग्रजांबद्दल लिहिलं. आता आपल्याबद्दल.

मराठीत ‘हैदोस’ हा शब्द आहे. जुन्या कोशांत त्याचं मूळ मोहरमात दिलेलं आहे: ‘हाय दोस्त’. त्याचं लांब रूप ‘हैदोसधुल्ला’, त्यातला धुल्ला म्हणजे दुल्हा. लोककथेत हा दुल्हा म्हणजे हसनचा मुलगा कासिम, लग्नाच्या पोशाखात मरणाला सामोरा गेलेला. गेलेल्या मित्रासाठी, नवरदेवासाठी फोडलेला हंबरडा. आपण त्याचा अर्थ केला धिंगाणा, नासधूस. हे आपण कडेला उभं राहून केलं असंही नाही. दख्खनच्या मोहरमात वाघाची सोंगं असायची, लेझीम, दांडपट्टा असायचा, आणि नाचणाऱ्यांत हिंदू पोरं निम्मी असायची; शब्दाला उड्यांचा अर्थ चिकटला तो तिथूनही. मग १८९३ ची मुंबईची दंगल झाली, पुढच्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणपती मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, आणि त्या उत्सवात गाणाऱ्या मेळ्यांच्या पदांतून हिंदूंना ताबुतांकडे जाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. शहरातले लोक ताबुताखालून निघाले. कडेगावसारख्या गावांतले निघाले नाहीत. शहरात तो शब्द एकटा मागे राहिला, ज्या दुःखातून आला ते बाजूला सांडून.

छापखान्यात तो शब्द माझ्या हाताखालून किती वेळा गेला त्याची मोजदाद नाही. ‘उसाच्या फडात बिबट्याचा हैदोस’. ‘चोरट्यांचा हैदोस’. ‘वानरांचा हैदोस, बागायतदार हवालदिल’. मथळ्याला मोठे खिळे लागत. आमच्याकडच्या ‘है’ची वरची एक मात्रा तुटलेली होती, म्हणून प्रत्येक वेळी मी समासात खूण करून ‘मात्रा पाहा’ असं लिहायचो. वर्षानुवर्षं मी त्या शब्दाची मात्रा पाहिली. ज्या मुलाला आजीने पिराच्या पायाशी घातलं, त्यानेच.

शब्द भाषेतून उपटून टाका, असं मी म्हणत नाही. ते कुणाच्या हातात नसतं, आणि न जाणता वापरणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पण जाणून घेतल्यावर माणसाला निवड असते. वर्तमानपत्रांत बातम्या लिहिणाऱ्या, मथळे करणाऱ्या आमच्या भागातल्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे. वानरांनी बाग उद्ध्वस्त केली तर ‘धुमाकूळ’ लिहा. ‘हैदोस’पेक्षा एकच अक्षर जास्त होतं. दोन कॉलमी मथळ्यात ते बसतं. मी बसवून पाहिलेलं आहे.